बोअर घेण्याआधी खडक पाहा

एप्रिल उजाडला की गावोगावी बोअरच्या गाड्या घरघरू लागतात. पाणाड्या तळहातावर नारळ धरून शिवारात फिरतो. नारळ उभा राहिला की जागा ठरते. कर्ज काढून खोल नेलेल्या बोअरमधून नुसती भुकटी उडाली की दोष नशिबाला. खाली खडक कोणता, हे मात्र कुणी पाहिलेलेच नसते.

खडक पाहून कागदावर मांडण्याची विद्या जुनी आहे. इंग्लंडमध्ये कालव्यांच्या कामावर मोजणी करणाऱ्या विल्यम स्मिथने जीवाश्मांवरून थरांचा क्रम ओळखला आणि 1815 साली देशाचा भूवैज्ञानिक नकाशा छापला. आपल्याकडे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण 1851 पासून हे काम करते.

नकाशा करणारा हातोडी आणि होकायंत्र घेऊन ओढे, घाटरस्त्यांच्या कापण्या, खाणी, विहिरी पालथ्या घालतो. खडक उघडा पडलेला असतो तो एवढ्याच ठिकाणी. बाकी सगळीकडे माती. दोन उघड्या जागांच्या मधली सीमा त्याला तर्काने ओढावी लागते. जिथे सीमा डोळ्यांनी पाहिली तिथे सलग रेघ, जिथे अंदाज तिथे तुटक. पाहिलेले आणि मानलेले वेगळे दाखवणारा हा संकेत मला फार मोलाचा वाटतो.

महाराष्ट्राचा चार पंचमांशांहून अधिक भाग सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाने व्यापला आहे. कोयनेच्या परिसरात एका वेधन-छिद्रात या खडकाची जाडी सुमारे 930 मीटर भरली. लहान प्रमाणाच्या नकाशावर हा सारा मुलूख एकाच रंगाचा दिसतो, आणि आपणही ‘काळा कातळ’ म्हणून मोकळे होतो. प्रत्यक्षात थरावर थर आहेत. थराचा गाभा घट्ट, त्यात भेगा असतील तरच पाणी. माथा सच्छिद्र, झिजून मऊ झालेला. दोन थरांमध्ये अनेकदा लाल मातीचा पट्टा, जो पाणी सहसा खाली जाऊ देत नाही. म्हणून डोंगराच्या अंगावर झरे पुष्कळदा एकाच उंचीवर फुटतात. थर जवळजवळ आडवे असल्याने त्यांच्या सीमा समोच्च रेषांना धरून चालतात. एका विहिरीत दिसलेला लाल पट्टा पलीकडच्या विहिरीत किती खोल लागेल, हे त्यामुळे बरेचसे आधी सांगता येते.

पण 1:50,000 प्रमाणाच्या नकाशात एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. शेतकऱ्याचा बांध त्यात मावत नाही. गावाच्या प्रमाणाचा, थरनिहाय नकाशा हवा, आणि त्याची सुरुवात जुन्या विहिरींपासून करता येईल: काठाची उंची मोजायची, आतले थर फुटाफुटाने लिहायचे. शेजारच्या महाविद्यालयातले भूगोलाचे विद्यार्थी एका उन्हाळ्यात एवढे नक्की करतील.

बोअरच्या भुकटीचा रंगही खोलीगणिक बदलतो: काळा, करडा, मध्येच विटकरी. ही नोंद आज शिवारातच उडून जाते. गाडीवाल्याने बिलासोबत खोलीनिहाय नोंद आणि पिशव्यांत भरलेले नमुने ग्रामपंचायतीत जमा करावेत, असा नियम करायला हवा.