दाढीला मेंदी चालते, मग सुरकुतीचं काय?

चाळिशी ओलांडलेल्या बाईनं स्वतःच्या चेहऱ्यासाठी काही विकत आणलं की घरात आधी हसू फुटतं. "आता या वयात?" असं नवरा विचारतो, नणंद विचारते, दहावीतली मुलगीही विचारते. आमच्या मोहल्ल्यात त्याला आणखी एक पुस्ती जोडली जाते, "अल्लाहनं दिलेला चेहरा आहे, त्याला काय करायचं?" हे म्हणणारे चाचा जुम्म्याच्या आदल्या रात्री दाढीला मेंदी थापून, गळ्याभोवती जुना टॉवेल गुंडाळून अंगणात बसलेले असतात. त्यांना कुणी हसत नाही, हसूही नये. दाढीला मेंदी लावणं आपल्याकडे पूर्वापार चालत आलंय आणि त्याला धर्माचा आधारही आहे. माझा प्रश्न एवढाच आहे की पुरुषाच्या पांढऱ्या केसाला जी मुभा आहे, ती बाईच्या कपाळावरच्या आठीला का नाही?

प्रश्न मानापमानाचा असता तर मी गप्प बसले असते. पण या हसण्यापायी बायकांची मूत्रपिंडं जायची वेळ येते, म्हणून लिहिते आहे.

ज्या गोष्टीला हसतात ती गोष्ट बाई लपून करते. उघड करायची सोय नसते म्हणून ती डॉक्टरकडे जात नाही, औषधाच्या दुकानातही विचारत नाही. मग कामाला येते ती डबी. कराडात मी ती शिक्षकखोलीत पाहिली आहे, भिशीत पाहिली आहे, लग्नाच्या हॉलमध्ये पर्समधून पर्समध्ये जाताना पाहिली आहे. पांढरी, प्लास्टिकची. कंपनीचं नाव नाही, बॅच नंबर नाही, आत काय आहे ते नाही. झाकणावर गुलाबाचं फूल तेवढं असतं. किंमत चारशे-साडेचारशे. देणारी हळू आवाजात सांगते, "पार्लरवाल्या स्वतः बनवतात. डाग, वांग, सुरकुत्या, सगळ्यावर चालतं. आठ दिवसांत फरक बघ." आणि आठ दिवसांत फरक पडतोही. खरी गोम तिथंच आहे.

सुरकुत्यांवरचं कुठलंही खरं औषध आठ दिवसांत काम करत नाही. आठ दिवसांत चेहरा उजळतो, गुळगुळीत दिसतो, तो बहुतेक वेळा स्टिरॉइडमुळे. बीटामेथासोन, क्लोबेटासोल ही गजकर्ण समजून लोक वापरतात त्या मलमांमधली नावं. ही मलमं डॉक्टरनं ठरावीक आजारावर, ठरावीक दिवस दिली तर उपयोगाची आहेत. तोंडाला रोज क्रीम म्हणून चोपडली तर कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, ओठाच्या वर लव वाढते. वापरणं थांबवलं की आग होते, म्हणून बाई पुन्हा तीच डबी उघडते. पातळ झालेल्या कातडीला सुरकुत्या जास्तच पडतात. म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले तेच वाढतं. सरकारनं २०१८ साली अशी १४ स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. दुकानदारानं तो पाळला तरी बिननावाच्या डबीला कुठला नियम लागू होणार?

याहून वाईट पारा. आपल्याच राज्यात अकोल्याला एका घरातल्या तिघी, कॉलेजात शिकणारी मुलगी, तिची बहीण आणि आई, स्थानिक ब्युटिशियनकडून आणलेलं क्रीम लावत होत्या. तिघींच्या मूत्रपिंडाला इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी छडा लावला तेव्हा कारण निघालं क्रीममधला पारा. २०२३ च्या सुरुवातीला ही बातमी सगळ्या पेपरांत होती. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातही अशाच क्रीमांमुळे मूत्रपिंडाचे रुग्ण सापडले. पारा कातडीचा रंग तयार होण्याचं काम अडवतो, म्हणून चेहरा उजळ दिसतो. तो कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. लघवीला फेस येणं, पाय आणि डोळ्याखाली सूज येणं ही त्याची लक्षणं. आपल्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत पारा घालायला बंदी आहे. चुकून राहिलाच तर साध्या क्रीमात दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही.

अकोल्याच्या त्या तिघींना कुणी मूर्ख म्हणेल. मी म्हणणार नाही. आई आणि मुली एकच डबी वापरत होत्या, याचा अर्थ त्या घरात निदान बायका आपसात तरी बोलत होत्या. पण घराबाहेर, जाणकार माणसाशी हे बोलावं, असं आपण बायकांना कधी वाटू दिलंय का? गुडघा दुखला तर आपण अस्थिरोगतज्ज्ञाकडे जातो, डोळ्याला कमी दिसलं तर चष्मा लावतो, तेव्हा "या वयात?" असं कुणी म्हणत नाही.

आता सुरकुती येते कशी ते बघू, कारण बाजार या अज्ञानावरच चालतो. वय हे एक कारण. पाळी बंद झाल्यावर पहिल्या पाच वर्षांत कातडीतलं कोलॅजन सुमारे ३० टक्के कमी होतं, म्हणून पन्नाशीच्या आसपास चेहरा अचानक उतरला असं वाटतं. तंबाखूचा धूर हे दुसरं. पण चेहऱ्यावरचा मोठा गुन्हेगार ऊन आहे. अमेरिकेतल्या एका ट्रकचालकाचा फोटो २०१२ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. २८ वर्षं ट्रक चालवलेला, ६९ वर्षांचा माणूस. खिडकीकडचा डावा गाल खोल चुण्यांनी भरलेला, उजवा त्या मानानं पुष्कळ बरा. काचेतून ऊन लागत नाही असं आपल्याला वाटतं, पण सुरकुती पाडणारे किरण काचेतूनही येतात. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. मसूर-उंब्रज फेऱ्या करून निवृत्त झालेल्या एखाद्या चालकाचा उजवा गाल कधी निरखून बघा.

ऑस्ट्रेलियात नॅम्बोर नावाच्या गावी ५५ वर्षांखालच्या ९०३ जणांवर साडेचार वर्षं प्रयोग झाला. निम्म्यांना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, बाकीच्यांना त्यांच्या मर्जीनं. रोज लावणाऱ्यांची कातडी २४ टक्के कमी जून झाली. हे २०१३ साली छापलं गेलं. सुरकुत्यांवरच्या उपायांत इतका भक्कम पुरावा फार थोड्यांच्या मागे आहे, आणि नेमका हाच उपाय आपल्या बायकांना कुणी सांगत नाही. मंडईत दिवसभर फळांची पाटी घेऊन बसणाऱ्या आमच्या बागवान भाभींना तर नाहीच. त्यांना आधी छत्री आणि डोक्यावर कापडाचं छप्पर हवं, सनस्क्रीन नंतर.

इथं माझ्या बहिणींना एक अडचण येते ती वुजूची. "पाच वेळा तोंड धुवायचं, मग क्रीम टिकणार कसं? आणि क्रीमखाली पाणी पोचलं नाही तर वुजू होईल का?" ही शंका खोटी नाही. पण जरा घड्याळ मांडून बघा. उन्हात असताना दर दोन-तीन तासांनी सनस्क्रीन पुन्हा लावावं लागतं असं डॉक्टरच सांगतात. सकाळी घराबाहेर पडताना लावा. जोहरच्या वेळी क्रीम साबणानं धुऊन टाका, वुजू करा, नमाज झाली की परत लावा. अस्रला तेच. ज्या बाईला दिवसातून दोनदा तोंड धुवायचीही फुरसत मिळत नाही तिच्यापेक्षा नमाजी बाईला हे सोपं आहे. एसपीएफ ३० किंवा जास्त, 'ब्रॉड स्पेक्ट्रम' लिहिलेलं, चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर बसेल इतकं. वाटाण्याएवढं लावून काही होत नाही.

वाटाण्याएवढं लावायचं ते दुसरंच औषध आहे, ट्रेटिनॉइन. हे १९७१ पासून मुरुमांवर वापरात आहे. वापरणाऱ्या मोठ्या वयाच्या बायकांची कातडी नितळ होते हे डॉक्टरांच्या ध्यानात आलं, त्यावर अभ्यास झाले आणि १९९५ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं बारीक सुरकुत्यांसाठीही त्याला मान्यता दिली. सुई नाही, भूल नाही. आपल्याकडे त्याची ट्यूब काही शे रुपयांत मिळते, म्हणजे त्या गुलाबाच्या डबीच्या आसपासच. पण चिठ्ठी लागते आणि लागायलाच हवी. गरोदर बाईनं किंवा दिवस राहायची शक्यता असलेल्या बाईनं ते लावू नये. सुरुवातीला कातडी सोलते, कोरडी पडते, लाल होते, म्हणून आधी एक दिवसाआड लावतात. इशाच्या वुजूनंतर चेहरा पूर्ण कोरडा झाला की लावायचं, वर साधं मॉइश्चरायझर. फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात. त्या काळात सनस्क्रीन चुकवलं तर डाग पडतात. आणि हसताना-रागावताना पडणाऱ्या खोल घड्या कुठल्याच मलमानं पूर्ण जात नाहीत, हेही आधीच ऐकून घ्या.

हे सगळं कंटाळवाणं आहे. तीन महिने थांबा असं सांगणारा माणूस काही विकू शकत नाही. म्हणून बाजार दुसरं विकतो. सध्या जोर आहे तो कोलॅजनच्या पावडरीचा. हजार-दोन हजारांचा डबा, रोज एक चमचा. माझ्याकडे तर विद्यार्थ्यांच्या आयांनी विचारणा केली आहे, "टीचर, हे हलाल असतं का?" प्रश्न रास्त आहे, कारण कोलॅजन जनावराच्या कातडीतून, हाडांतून किंवा माशाच्या खवल्यांतून काढतात, त्यात डुकराचंही असतं. पण त्याआधीचा प्रश्न विचारा, हे काम करतं का? पोटात गेलेलं कोलॅजन इतर प्रथिनांसारखंच पचतं, तुकडे होतात. ते तुकडे गालावरच जातील अशी हमी कोण देणार? फायदा दाखवणाऱ्या अभ्यासांपैकी बरेचसे विकणाऱ्या कंपन्यांच्या पैशानं झालेले आहेत. कोलॅजनच खायचं तर आपल्या घरी पाया शिजतो की. रात्रभर मंद आचेवर ठेवलेल्या पायाचा रस्सा सकाळी थिजतो, ते थिजलेलं म्हणजे कोलॅजनच. पाया खाऊन कुणा खालाच्या सुरकुत्या गेल्याचं मी ऐकलेलं नाही. पण निदान रोटीबरोबर चव तरी लागते.

बाकीचं थोडक्यात. गोल्ड फेशियलमधल्या सोन्यानं पार्लरचा भाव चढतो, एवढंच. चोळल्यानं चेहरा तासभर तजेलदार दिसतो, लग्नाला जायचं असेल तर खुशाल करा. चेहऱ्याच्या व्यायामांवर अमेरिकेत झालेला अभ्यास पूर्ण केला अवघ्या १६ जणींनी, तोही वीस आठवडे, आधी आठ आठवडे रोज आणि मग दिवसाआड अर्धा तास देऊन. थोडा फरक दिसला. रोजचा मोकळा अर्धा तास कुणाकडे असेल तिनं अवश्य करावा. लेझर आणि पीलचा उपयोग होतो, पण आपल्या सावळ्या कातडीवर चुकीच्या हातानं केलं तर काळे डाग उरतात. हे काम त्वचारोगतज्ज्ञाचं, पंधरा दिवसांचा कोर्स केलेल्या माणसाचं नव्हे. घरगुती लिंबू-सोडा मात्र तोंडाला लावूच नका, कातडी भाजते.

आणखी एका गटाशी माझं भांडण आहे. हे लोक शिकलेले, पुरोगामी. ते म्हणतात, सुरकुत्या अभिमानानं मिरवा, हा सगळा भांडवलशाहीचा डाव आहे. डाव आहे हे खरं. पण विनाअनुदानित शाळेच्या मुलाखतीत समोरचा माणूस चाळिशीतल्या बाईच्या प्रमाणपत्रांआधी तिच्या चेहऱ्याकडे बघून "आम्हाला जरा फ्रेश कॅन्डिडेट हवेत" म्हणतो, तेव्हा हा अभिमान कुठल्या कामाचा? मिरवायचं की नाही ते त्या बाईला ठरवू द्या. तिच्या वतीनं मौलानांनी ठरवू नये आणि कॉम्रेडनीही.

मौलानांचा मुद्दा मी टाळत नाही. निर्मितीत फेरफार करू नये, ही शिकवण मला ठाऊक आहे. म्हातारपण सोडून प्रत्येक आजारावर औषध आहे, हेही आपल्याला सांगितलं गेलं आहे, आणि म्हातारपण थांबत नाही हे मला रोज आरसा सांगतो. मलेशियाच्या फतवा समितीनं २००६ साली बोटॉक्सच्या सुईला मनाई केली. तो वाद सुईचा, त्यातल्या घटकांचा. पण उन्हापासून कातडी वाचवणं म्हणजे निर्मितीत फेरफार कसा? उलट दिलेली वस्तू जपून वापरणंच झालं ते. शेतात ऊसतोड करणारी बाई तोंडाला कापड बांधते, तिला कुणी फतवा विचारत नाही. आणि आमच्या भागातल्या कितीतरी बायका सकाळ-संध्याकाळ मशेरी लावतात, त्यानं तोंडाचा कर्करोग होतो, त्यावर जुम्म्याला किती बयान झाली? मशेरीला कुणी "या वयात?" म्हणत नाही. सनस्क्रीनला म्हणतात.

नवऱ्यांना माझं सांगणं आहे की हसणं बंद करा आणि बायको दवाखान्यात जाते म्हणाली तर गाडी काढा. कराडला त्वचेचे डॉक्टर आहेत, मलकापूरला कृष्णा रुग्णालय आहे, कॉलेजच्या रुग्णालयात हा विभाग असतोच. एका तपासणीला डबीपेक्षा फार जास्त लागत नाही.

पार्लर चालवणाऱ्या भगिनींवर माझा राग नाही, त्यातल्या कितीजणी त्याच कमाईवर घर चालवतात हे मी जाणते. पण स्वतः कालवलेलं किंवा कुणी कुरिअरनं पाठवलेलं, नाव नसलेलं क्रीम विकणं थांबवा. आणि घेणाऱ्यांनो, डबी हातात आली की उलटी करा. बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, तारीख, घटक, आणि परदेशी असेल तर आयातीचा नोंदणी क्रमांक. घटकांत मर्क्युरी, मर्क्युरस क्लोराइड किंवा कॅलोमेल दिसलं, किंवा काहीच लिहिलेलं नसलं, तर ती परत करा. आधीच लावत असाल तर डबी सोबत घेऊन डॉक्टरकडे जा आणि लघवीची तपासणी करून घ्या. डबी फेकून मात्र देऊ नका, तपासायला तीच लागते.