चिरायची भाजी, चिरायची विळी

इंग्रजी भाषेत 'टू' नावाचा एक एवढासा शब्द आहे. त्यांच्या लिपीत दोन अक्षरे, आपल्या लिपीत एकच. पण शाळकरी पोरे व्याकरणातल्या भल्याथोरल्या संज्ञांना भीत नाहीत तेवढी या टीचभर शब्दाला भितात. 'आय वाँट टू गो' इथपर्यंत गाडी सुरळीत चालते. पुढे हाच 'टू' एखाद्या नामाच्या पाठीला चिकटून येतो, 'टाइम टू गो', 'वॉटर टू ड्रिंक', 'परमिशन टू लीव्ह', आणि तिथे चाक रुतते.

मराठीच्या अध्यापकाने इंग्रजीच्या शेतात गुरे का घालावीत, असे कोणी विचारील. त्याला माझा नाइलाज आहे. कसबा बावड्यात राहणाऱ्या मास्तराला आपला विषय निवडता येत नाही. "सर, पोराचं इंग्रजी तेवढं बघा की!" असे शेजारच्या वहिनींनी म्हटले, की मराठीचा मास्तर तत्क्षणी इंग्रजीचा होतो. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. अक्षरओळखीची ती वेस ओलांडलेल्या घरांतली पोरे आज इंग्रजीच्या वेशीपाशी अडतात. त्यातलाच एक मला परवा शांतपणे म्हणाला, "सर, मला इंग्रजी येणारच नाही. आमच्या घरात कुणालाच येत नाही." पोरगा रडत नव्हता. त्याने स्वतःविषयीचा निकालच लावून टाकला होता. मला वाईट वाटले ते त्याचे. कारण ज्या धड्यापाशी तो अडला होता, तो धडा त्याच्या तोंडात जन्मापासून होता.

तो कसा, ते पाहण्यासाठी आपण स्वयंपाकघरात जाऊ. आई म्हणते, "चिरायची भाजी इकडं दे. चिरायची विळी कुठं गेली? चिरायची वेळ झाली. हिला मेलीला बारीक चिरायची सवयच नाही!" चार वाक्ये, चार नामे, आणि चारही ठिकाणी 'चिरायची'. ही 'चिरायची' म्हणजे जुन्या 'चिरावयाची'चे बोलून बोलून गुळगुळीत झालेले रूप. पण चारही ठिकाणी तिचे नाते एकच आहे काय? मुळीच नाही. भाजी चिरली जाते. विळीने चिरतात. वेळेला चिरतात. आणि सवय ही तर चिरण्याचीच असते. आपल्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. 'चिरायची विळी' म्हटल्यावर विळीचे तुकडे करायला कोणी बसत नाही.

मराठीत हे नाते झाकलेले राहते. इंग्रजीत ते उघडे करावे लागते, आणि पोरांची चूक होते ती नेमकी इथे. भाजी म्हणजे 'व्हेजिटेबल्स टू कट'. इथे काम संपले. पण विळीऐवजी साहेबाची सुरी घेतली, तर 'अ नाइफ टू कट' म्हणून भागत नाही. 'अ नाइफ टू कट विथ' म्हणावे लागते. तो शेवटचा 'विथ' म्हणजे 'विळीने चिरतात' यातला आपला 'ने'. मराठीने तो गिळला, इंग्रजीने शेपटीला बांधला. 'बसायची खुर्ची' ही 'अ चेअर टू सिट ऑन', कारण खुर्चीवर बसतात. 'राहायचे घर' हे 'अ हाउस टू लिव्ह इन', कारण घरात राहतात. 'प्यायचे पाणी' मात्र नुसते 'वॉटर टू ड्रिंक', कारण पाणीच पितात. आणि प्यायचा पेला? तो 'अ ग्लास टू ड्रिंक फ्रॉम'. तो 'फ्रॉम' विसरलात, तर साहेबाच्या कानी तुम्ही पेलाच प्यायला निघालात!

म्हणून मी पोरांना नियम पाठ करायला सांगत नाही. मी सांगतो, आधी आपल्या भाषेत पूर्ण वाक्य कर. 'पेनाने लिहितात.' त्यात 'ने', 'वर', 'त', 'तून' असे काही आले, तर त्याचा इंग्रजी भाऊबंद शेवटी जोड. काही आले नाही, तर जोडू नकोस. एवढ्यावर निम्मी भीती पळते.

राहिली सवय. 'हॅबिट टू कट' असे इंग्रज म्हणत नाही, 'हॅबिट ऑफ कटिंग' म्हणतो. आपण दोन्हीकडे 'चिरायची' म्हणून मोकळे होतो, त्यामुळे कुठल्या नामाला 'टू' आणि कुठल्याला 'ऑफ' हे कळेनासे होते. इथे एक ढोबळ खूण उपयोगी पडते. नामाच्या घराण्यातले क्रियापद किंवा विशेषण आधीपासून 'टू' घेत असेल, तर नामही बहुधा तोच वारसा चालवते. 'डिसाइड टू' म्हणून 'डिसिजन टू', 'एबल टू' म्हणून 'अॅबिलिटी टू', 'रिफ्यूज टू' म्हणून 'रिफ्यूजल टू'. 'हॅबिट', 'डेंजर', 'रिस्क' यांच्या घराण्यात तसा वारसा नाही. ती 'ऑफ'कडे जातात. आता 'होप' आणि 'पॉसिबिलिटी' ही दोन कुलदीपके घराण्याची रीत मोडून बहुधा 'ऑफ'च्याच बाजूला बसतात. पण कोणत्या कुळात असे निघत नाहीत?

आणखी एक 'टू' आहे, त्यापुढे आपले 'ची'ही चालत नाही. खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे ते पहिले. इंग्रजीत हे 'द फर्स्ट टू विन' होते. मराठीत 'जिंकण्याचे पहिले' म्हटले, तर तालमीतली पोरे हसतील. इथे 'जिंकणारे पहिले' असा 'णारा'च लागतो, कारण हा माणूस स्वतः कर्ता आहे. तेव्हा इंग्रजीचा 'टू' एकच असला, तरी आपल्याजवळ त्याच्यासाठी 'यचा' आहे, 'ण्याचा' आहे, 'ण्यासाठी' आहे, 'णारा' आहे, 'ण्यासारखा' आहे. शिवाय आपला 'चा' नामाबरोबर लिंग आणि वचन बदलतो: चिरायचा कांदा, चिरायची भाजी, चिरायचे बटाटे. एवढे सारे ज्याला न शिकता येते, त्याने एका 'टू'पुढे हात टेकावेत काय?

इथवर झाली पोरांची गोष्ट. पण यातला एक फरक थोरांनाही माहीत हवा. इंग्रजीत नाम आधी येते आणि क्रिया मागून. आमच्याकडे क्रिया आधी आणि नाम मागून. बावड्यात राजाराम कारखान्याकडे जाणारी उसाची बैलगाडी डोळ्यांपुढे आणा. इंग्रजीत बैल पुढे असतात आणि ऊस मागे. ऊस कितीही लादा, बैल दिसतात. मराठीत ऊस पुढे आणि बैल मागे. 'जायची वेळ' एवढी मोळी असली, तर काही बिघडत नाही. पण मोळीवर मोळी चढली, की बैल दिसेनासे होतात, आणि गाडी कोणीकडे चालली ते कळत नाही.

याची किंमत कधी कधी फार मोठी असते. आमचा राजाराम बंधारा पंचगंगेवर आहे. पावसाळ्यात सारे कोल्हापूर त्याच्या पातळीकडे कान लावून बसते. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. अशा रात्री समजा कोणी सूचना वाचून दाखवू लागला: 'नदीकाठच्या सखल भागातील नागरिकांनी आपली जनावरे, धान्य व मौल्यवान वस्तू यांसह सुरक्षित ठिकाणी स्थलांतरित होण्याबाबत आवश्यक ती दक्षता घेण्याचे आवाहन करण्यात येत आहे.' आता ही परवानगी, की सल्ला, की हुकूम? 'आवाहन' हा शब्द येईपर्यंत पत्ता लागत नाही, आणि तो आल्यावरही, आता उठायचे की उजाडेपर्यंत थांबायचे, ते कळत नाही. गोठ्यात म्हैस बांधलेली, घरात म्हातारी निजलेली. तिथे हवे ते एवढेच: 'पाणी चढतंय. जनावरं सोडा. घर सोडा. आत्ता निघा.' सूचना मराठीतच असते, शब्दही मराठीच असतात. पण इंग्रजीत नामामागे सुखाने चालणारे ओझे आपण उचलून नामाच्या पुढे ठेवलेले असते.

मराठीजवळ यावर उपाय नाही असे नाही. ओझे लांब असेल तर ते 'की'ने तोडावे. 'शाळा उद्यापासून सकाळी भरविण्याबाबतचा निर्णय घेण्यात आला आहे' याऐवजी 'असे ठरले, की उद्यापासून शाळा सकाळी भरेल' म्हणावे. आपल्या आज्या असेच बोलत आल्या. त्यांना पत्रके लिहायला कोणी बसवले नाही, एवढेच.

तेव्हा वाचकहो, दिवाळीच्या सुटीत मुलांना व्याकरणाच्या पुस्तकापाशी बसवू नका. फराळाच्या पाटापाशी बसवा. तळायच्या चकल्या, चकल्या पाडायचा सोऱ्या, त्या ठेवायचा डबा, त्या शेजारी द्यायची वेळ, आणि सर्वांआधी डबा उघडायची खोड. प्रत्येकाला विचारा: काय तळतात? कशाने पाडतात? कशात ठेवतात? उत्तर मराठीत आले, की इंग्रजी करायला सांगा. डब्याच्या शेपटीला 'इन' लागला आणि खोडीला 'ऑफ', तर पोराच्या हातावर एक चकली जास्त ठेवा. आणि त्याला स्पष्ट सांगा, की यातले निम्मे त्याला आधीपासून येत होते.