बकऱ्याच्या कानातली गोचीड

बकरी ईद जवळ आली की वरणगावात आमच्या मोहल्ल्यात घरोघरी बकरे बांधलेले दिसतात. मुले त्यांना पाला घालतात, अंगावरून हात फिरवतात आणि कानात गोचीड दिसली की ओढून नखाने चिरडतात. आम्ही शाळेत मुलांना हे करू नका म्हणून सांगतो. घरीही सांगायला हवे.

शेजारच्या गुजरातेत, अहमदाबाद जिल्ह्यात, जानेवारी २०११ मध्ये एक महिला तापाने दगावली. पाठोपाठ तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही गेल्या. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने आजार ओळखला: क्रिमियन-काँगो ताप. भारतात तो प्रथमच सापडला होता.

या तापाचा विषाणू गोचिडीतून जनावरात आणि माणसात येतो. जनावर मात्र आजारी दिसत नाही. गोचीड चावल्याने, ती हाताने चिरडल्याने किंवा बाधित जनावराच्या ताज्या रक्तामुळे लागण होऊ शकते. नीट शिजवलेल्या मांसाची भीती नाही.

बकरा आणल्यावर कान, जांघा, शेपटीखालची जागा तपासावी. गोचिडी असतील तर कुर्बानीची तारीख सांगूनच पशुवैद्यकाकडून औषध घ्यावे. अंगाला चिकटलेली गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी. कुर्बानी करताना, मांस कापताना हातमोजे घालावेत, हातावरची जखम झाकावी.

त्यानंतर दोन आठवड्यांत ताप आला, तर जनावर हाताळल्याचे डॉक्टरांना आधी सांगावे. त्याने रुग्णाचा आणि डॉक्टरांचाही जीव वाचू शकतो.