एफडीवरचं दुसरं नाव

मागच्या शनिवारी कोथरूडच्या एक निवृत्त प्राध्यापिका भेटायला आल्या. पंचवीस वर्षं न्यू जर्सीत नोकरी, तिथलंच नागरिकत्व आणि आता आईच्या सोबतीला कायमच्या पुण्यात. अमेरिकेचं रिटर्न त्या न चुकता भरतात, पण त्यात फक्त तिकडची पेन्शन. इथल्या ठेवींचं व्याज कुठेच नाही. ‘‘इथं टीडीएस कापला जातो, मी रिटर्नही भरते. मग तिकडे परत कशाला दाखवायचं?’’

दाखवायचं, कारण अमेरिका तुम्ही राहता कुठे हे बघत नाही, नागरिकत्व बघते. जगभरातलं उत्पन्न तिकडच्या रिटर्नमध्ये, म्हणजे फॉर्म 1040 मध्ये यायला हवं. इथं भरलेल्या कराचं क्रेडिट फॉर्म 1116 वर मिळतं, त्यामुळे पुष्कळदा प्रत्यक्ष कर थोडाच निघतो.

पिशवीतून त्यांनी बँकेचं व्याजाचं सर्टिफिकेट काढलं. एप्रिल ते मार्च. अमेरिकेचं करवर्ष मात्र जानेवारी ते डिसेंबर. तो आकडा तसाच उचलला असता तर चूक दुरुस्त करताना दुसरी झाली असती. मग पासबुक उघडून आम्ही जमा व्याजावर पेन्सिलीनं खुणा करत बसलो. पुढची पावती हातात घेतली आणि त्या थांबल्या. ‘‘ही आईची एफडी. माझं दुसरं नाव आहे, पण पैसे माझे नाहीत हो.’’

हे आपल्याकडे घरोघरी असतं. आईला काही झालं तर पैसे अडकू नयेत, म्हणून मुलीचं नाव. पण वर्षातल्या कोणत्याही दिवशी परदेशी खात्यांची बेरीज 10,000 डॉलरच्या वर गेली की एफबार, म्हणजे परदेशी खात्यांचा अहवाल, भरावा लागतो आणि त्या बेरजेत संयुक्त ठेव पूर्ण रकमेनं धरतात. एफबारवर कर नसतो, पण एफबार न भरल्याचा दंड असतो. रोमानियात राहिलेल्या बिटनर नावाच्या अमेरिकी नागरिकाकडे सरकारनं 27 लाख 20 हजार डॉलर मागितले होते. नकळत झालेल्या चुकीचा दंड खात्यागणिक नव्हे, वर्षाच्या फॉर्मागणिक, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये दिला, तेव्हा ते 50 हजारांवर आले.

‘यंदापासून नीट भरा, मागचं सोडा’ असं सांगणारे सल्लागार पुष्कळ आहेत. मला हा सल्ला मुळीच मान्य नाही. भारत आणि अमेरिकेतल्या 2015 च्या फाटका करारानंतर आपल्या बँकांतल्या अशा खात्यांची माहिती तिकडे पोचते. मागचं सोडलं तरी ते सुटत नाही.

सरळ वाट आहे ती अमेरिकी करखात्याच्या, म्हणजे आयआरएसच्या, ‘स्ट्रीमलाइन्ड’ योजनेची. तीन वर्षांची रिटर्न्स दुरुस्त करायची, सहा वर्षांचे एफबार भरायचे आणि फॉर्म 14653 वर चूक कशी झाली ते लिहून द्यायचं. कर आणि व्याज भरावं लागतं, दंड नाही. अट एवढीच की त्या तीन वर्षांपैकी निदान एका वर्षी 330 पूर्ण दिवस अमेरिकेबाहेर काढलेले असावेत, तिकडे बिऱ्हाड नसावं आणि चूक खरोखर नकळत झालेली असावी. ‘माहीत नव्हतं’ या दोन शब्दांवर भागत नाही. बाईंनी टीडीएसचा समज, आईचं आजारपण, एफडीवरचं नाव, सगळं आपल्या शब्दांत लिहिलं. दोन पानं झाली.

आयआरएसनं चौकशी सुरू केली की ही वाट बंद होते. तुमच्या घरात कोणाकडे अमेरिकी पासपोर्ट असेल, तर या रविवारी ठेवींच्या पावत्या काढा आणि दुसरं नाव कोणाचं आहे ते बघा.