रडका चेहरा पाठवा!

गेल्या वर्षी एका वर्तमानपत्रानं सणाच्या निमित्तानं सामाजिक संस्थांसाठी देणग्या गोळा करायची मोहीम काढली. त्यात आमच्या गटाचंही नाव होतं. आम्ही लिहून पाठवलं: सल्ला केंद्र कसं चालतं, कोर्टाच्या किती खेपा होतात, खोलीचं भाडं किती. दोन दिवसांनी फोन आला. 'ताई, माहिती चांगली आहे, पण यात माणूस दिसत नाही. एखादी बाई द्या ना, फोटोसकट. कडेवर मूल असेल तर उत्तम.'

आम्ही दिली. हे आधीच कबूल करते. पोटगीसाठी तीन वर्षं कोर्टात लढणारी आमची एक मैत्रीण. ती 'हो' म्हणाली. भिडेपोटी म्हणाली, हे नंतर कळलं. ज्यांनी वकील मिळवून दिला त्यांना नाही कसं म्हणायचं? छापून आलं तेव्हा तिची तीन वर्षांची लढाई एका वाक्यात उरकली होती आणि नवऱ्यानं टाकलेली 'अभागी माय' तेवढी शिल्लक होती.

पैसे भरपूर आले, गटाच्या खात्यात. तिच्या वाट्याला काय आलं? मुलीला शाळेत पोरं विचारू लागली, 'तुझ्या आईला पेपरवाल्यांनी किती दिले?' आणि नवऱ्याच्या वकिलानं ते कात्रण कोर्टात पुढे केलं: हिला समाज मदत करतोय, मग पोटगी कशाला? न्यायाधीशांनी ते मानलं नाही, पण दोन तारखा त्यातच गेल्या. ज्या मजकुरानं तिला मदत मिळणार होती, तोच तिच्या हक्काच्या आड आला.

मग अशा मोहिमा वाईटच का? तसं मी म्हणत नाही. ऑक्टोबर १९८४ मध्ये बीबीसीनं इथिओपियाचा दुष्काळ दाखवला, १३ जुलै १९८५ ला लंडन आणि फिलाडेल्फियात 'लाइव्ह एड'च्या मैफली झाल्या, आणि जगभरातून पैसा आला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी कोसळलं तेव्हा मराठी वर्तमानपत्रांनीही निधी उभारले आणि लोकांनी हात आखडता घेतला नाही. माणसं कंजूष नसतात. कुणी हाक मारली, पत्ता दिला, पैसा पोचेल असा भरवसा दिला की ती देतात. देणगीदारांच्या यादीत शेजाऱ्याचं नाव वाचून आणखी चार जण देतात. ही ताकद मोठी आहे, म्हणूनच ती कशी वापरली जाते हे विचारायला हवं.

स्मॉल, लोवेनस्टाइन आणि स्लोविक या अभ्यासकांचे प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाले. काही लोकांना आफ्रिकेतल्या लाखो भुकेल्यांचे आकडे दिले, काहींना मालीतल्या सात वर्षांच्या एका मुलीची गोष्ट. मुलीसाठी दुपटीहून जास्त पैसे निघाले. त्याच गोष्टीला आकडे जोडले, तर देणं पुन्हा घटलं. म्हणजे एकटं दुःख विकलं जातं. त्यामागची कारणं सांगू लागलं की गिऱ्हाईक उठून जातं.

आणि चेहरा कसा हवा? सोशीक. विधवा चालते, दारुड्याची बायको चालते. स्वतःहून घर सोडलेली चालत नाही, धंदा करणारी चालत नाही, आणि हसणारी तर मुळीच नाही. देणगीदार शिलाई मशीन हौसेनं देतो, वकिलाची फी देताना विचार करतो, आणि कार्यकर्तीचा पगार म्हटलं की नाक मुरडतो. किल्लारीच्या ढिगाऱ्यापाशी रडणाऱ्या बायका सगळ्यांना आठवतात. पुढे घरदुरुस्तीच्या कामात गावोगाव 'संवाद सहायक' म्हणून उभ्या राहिलेल्या बायका किती जणांना आठवतात?

सरकारलाही ही वाट सोयीची वाटते. दुर्मीळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणात महागड्या उपचारांसाठी चक्क लोकवर्गणीच्या पोर्टलची सोय केली. २०२२ मध्ये सरकारी मदतीची मर्यादा ५० लाखांवर नेली, पण एखाद्या औषधाची किंमत १६ कोटींच्या घरात! उरलेल्या पैशांसाठी आईनं मोबाइलसमोर रडायचं. जिचा व्हिडिओ फिरेल तिचं मूल जगेल. बाकीच्या आयांचं काय?

ज्यांच्यासाठी पैसे जमवले जातात त्यांना कुणी विचारतं का? १९९० आणि १९९२ मध्ये लंडनला आयटीव्हीच्या 'टेलिथॉन'बाहेर अपंग स्त्री-पुरुषांनीच निदर्शनं केली. आमची कीव करू नका, आमचे हक्क द्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. १९९२ नंतर तो कार्यक्रम पुन्हा झाला नाही.

यंदा आम्हाला पुन्हा विचारणा झाली आहे. बैठकीत खूप वाद झाला. भाडं थकलं आहे, हे खोटं नाही. शेवटी ठरलं: भाग घ्यायचा, पण फोटो द्यायचा नाही. कुणाची हकिगत द्यायचीच तर तिच्या शब्दांत, छापण्याआधी तिला वाचून दाखवून, आणि ती शेवटच्या दिवशी 'नको' म्हणाली तर निमूट मागे घ्यायची. शिवाय, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात संरक्षण अधिकारी नेमायची जबाबदारी सरकारची आहे, हे त्याच मजकुरात लिहायचं. आणि पैसे भाड्यासाठी, पगारासाठी हवेत, हे न लाजता सांगायचं.

पैसे कमी येतील. तेवढ्यात भागवू.

मैत्रिणींनो, तुम्ही देणगी जरूर द्या. पण देताना एक प्रश्न विचारा: हे काम खरं कुणाचं होतं? उत्तर सापडलं की त्या कचेरीला एक पत्रही लिहा. आणि फोटोतली बाई आवडली म्हणून नव्हे, तर तिची मागणी पटली म्हणून पैसे पाठवा.