खुब्याचे हाड मोडले तर...

"म्हातारी मोरीत पडली आणि अंथरुणालाच खिळली," हे वाक्य परळ-लालबागच्या चाळींत आम्ही पुष्कळदा ऐकतो. पुढे सहा-आठ महिन्यांत सारे आटोपते आणि लोक म्हणतात, वय झाले होते. बंधुभगिनींनो, सगळेच वयावर ढकलू नका. उपचार उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी मिळाले, हेही अनेकदा कारण असते.

खुब्याचे हाड म्हणजे मांडीच्या हाडाचे कमरेकडचे टोक. ते मोडल्यावर म्हाताऱ्या माणसाला आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवले तर पाठीला जखमा होतात, न्यूमोनिया होतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. जिवावर बेतते ते यांमुळे. "या वयात कापाकापी कशाला?" असे म्हणून हाडवैद्याकडे नेणारे याच संकटाला आमंत्रण देतात. शक्यतो दोन दिवसांत ऑपरेशन आणि दुसऱ्या दिवशी आधाराने उभे करणे, ही आजची रीत आहे.

मग उशीर कुठे होतो? हाडांचे डॉक्टर तयार असतात, पण साखर वाढलेली असते. फिजिशियनची चिठ्ठी हवी, मग हृदयाची तपासणी, मग भूलतज्ज्ञाचा होकार. प्रत्येकजण आपल्या जागी बरोबर, पण केसपेपर या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो. आम्ही कारकून माणसे. कागद कसा अडतो हे आम्हांस चांगले ठाऊक आहे.

यावर उपाय एकच. या सर्वांनी पहिल्याच दिवशी रुग्णाला मिळून पाहावे. इंग्लंडमधील हेस्टिंग्ज येथे हाडांचे डॉ. डेव्हास आणि वृद्धांचे डॉ. आयर्विन यांनी काही दशकांपूर्वीच असा एकत्र वॉर्ड चालवला. तिथे २००७ पासून अशा रुग्णांची देशभर नोंद ठेवतात. २०१० पासून ३६ तासांत ऑपरेशन आणि वृद्धांच्या डॉक्टरांची वेळेवर तपासणी यांसारख्या अटी पाळणाऱ्या रुग्णालयास जादा पैसे मिळू लागले. महिन्याभरात दगावणाऱ्यांचे प्रमाण २००७ मध्ये शेकडा सुमारे ११ होते, ते २०११ पर्यंत साडेआठवर आले.

आपल्याकडे माणसांची वानवा आहे काय? परळचे के.ई.एम. १९२६ पासून उभे आहे. देशातली पहिली फिजिओथेरपी शाळा १९५० च्या दशकात तिथेच निघाली. के.ई.एम., नायर, जे.जे. येथे हाडांचे डॉक्टर, फिजिशियन, भूलतज्ज्ञ, परिचारिका सारे एकाच आवारात आहेत. त्यांची मोट बांधली जावी, ही मागणी आपण केली पाहिजे.

तोवर घरच्यांनी पहिल्याच दिवशी नम्रपणे पण ठामपणे विचारावे: ऑपरेशन कधी? कशासाठी थांबलो आहोत? फिजिशियन कधी पाहणार? उभे कधी करणार? हाडे बळकट करण्याचे औषध कोणते? चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्यावी. खर्चासाठी रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन आरोग्यमित्रास भेटावे. ७० वर्षांवरील सर्वांसाठी २०२४ पासून आयुष्मान योजनेत वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत उपचारांची सोय केली आहे.

घरी आणल्यावर सार्वजनिक संडासापर्यंत चालवत नेण्याची घाई नको. कमोडची खुर्ची आणावी, मोरी कोरडी ठेवावी, रात्री दिवा लावावा. आणि हे सारे एकट्या सुनेच्या माथी मारू नये. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी एकत्र यावे असे म्हणणाऱ्या घरात मुलगा, नातू आणि जावई यांनीही पाळी वाटून घ्यायला हवी.