दुसऱ्या पायरीवरचा माणूस

खेळाडूच्या गळ्यातील धातूवरून त्याची प्रतवारी लावण्याची रीत सनातन आहे, असा समज रूढ आहे. वस्तुतः ती अगदी अलीकडची. प्राचीन ऑलिंपियात विजेत्याला ऑलिव्हच्या डहाळीचा मुकुट मिळे. दुसऱ्याला काहीच नाही. १८९६ साली अथेन्सला पहिल्याच्या वाट्याला रौप्यपदक आले, दुसऱ्याला त्याहून हलक्या धातूचे मिळाले आणि तिसरा रिकाम्या हाताने परतला. सुवर्ण, रौप्य, कांस्य ही उतरंड रचली गेली ती १९०४ साली, सेंट लुईसला. गंमत अशी की, निखळ सोन्याची पदके १९१२ च्या स्टॉकहोमनंतर बंदच झाली. तेव्हापासूनचे सुवर्णपदक आतून मुख्यतः रुप्याचेच असते. पहिल्या-दुसऱ्यातले अंतर धातूपुरते तरी मुलाम्याचेच म्हणायचे!

तरीही या मुलाम्याचे दर मात्र कोटींत ठरतात. हरियाणा सरकारच्या धोरणात ऑलिंपिक सुवर्णाला ६ कोटी, रौप्याला ४ आणि कांस्याला अडीच कोटी रुपये आहेत. खेळाडूला पैसा मिळू नये, असे कोण म्हणेल? पण सेकंदाच्या अंशावर माणसाचे मोल ठरवणारी ही दृष्टी बाजाराची आहे, आणि या दृष्टीला पीटर नॉर्मन कधीच दिसणार नाही.

१६ ऑक्टोबर १९६८ रोजी मेक्सिको सिटीत २०० मीटर शर्यतीत हा गोरा ऑस्ट्रेलियन २०.०६ सेकंदांत दुसरा आला. पदकप्रदानाच्या वेळी टॉमी स्मिथ व जॉन कार्लोस या कृष्णवर्णीय अमेरिकनांनी काळे हातमोजे घातलेल्या मुठी उंचावल्या. नॉर्मनने मूठ उगारली नाही. मात्र मानवी हक्कांच्या त्यांच्याच चळवळीचा बिल्ला त्याने आपल्या छातीवर लावला होता, आणि तोही श्वेत ऑस्ट्रेलियाचे धोरण अद्याप पुरते मावळले नसताना. स्मिथ-कार्लोसना संघातून घरी पाठवण्यात आले. १९७२ च्या म्यूनिकसाठी नॉर्मनची निवड झाली नाही. ती शिक्षा नव्हती, असे तेथील ऑलिंपिक समिती म्हणत आली. संसदेने मात्र २०१२ साली त्याची रीतसर माफी मागितली. तोवर त्याच्या मृत्यूला सहा वर्षे लोटली होती. २००६ साली त्याच्या शवपेटीला खांदा द्यायला स्मिथ आणि कार्लोस मेलबर्नला गेले होते.

कॅलिफोर्नियात सॅन होजे येथील विद्यापीठात त्या क्षणाचे शिल्प २००५ साली उभे राहिले. त्यात दुसरी पायरी रिकामी आहे. ती तशीच असावी, येणाऱ्या कोणालाही तेथे उभे राहता यावे, ही इच्छा खुद्द नॉर्मनची होती.